जहाजावर काय नेसायचं?



क्रूझला जायचं ठरल्यापासून नांदेडमधल्या मैत्रिणी मला एकच प्रश्न विचारत होत्या, "समुद्राची भीती नाही का वाटत तुला?" समुद्राचं काही नाही हो, मला धास्ती होती ती बॅगेची. त्यातही एकाच रात्रीच्या कपड्यांची.

डिसेंबरात यांना सत्तर पूर्ण झाली. हॉल घ्यायचा, आचारी बोलवायचे, चारशे माणसं जेवू घालायची आणि शेवटी कुणाशीच धड बोलणं होत नाही, हे मुलांनी आमच्या साठीशांतीला पाहिलं होतं. म्हणून या वेळी त्यांनीच ठरवलं, फक्त घरचे बारा जण, मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री जहाजावर. थोरला पुण्याहून, धाकटा अमेरिकेहून, लेक-जावई हैदराबादहून, चार नातवंडं आणि आम्ही दोघं. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज सुटतं, ते तुम्ही ऐकलं असेल. जहाज तसं जुनं, १९९० मधलं, आधी परदेशात फिरत होतं. अकरा मजली आहे आणि त्यावर जैन जेवण मिळतं. आमच्या घरात शेवटची गोष्ट कळल्यावरच पैसे भरले गेले.

मग धाकट्या सुनेने घरच्या ग्रुपवर टाकलं: पहिली रात्र साधे कपडे, दुसरी रात्र सगळ्यांनी पांढरे, तिसरी रात्र गाला नाइट. खाली काळ्या सुटातल्या पुरुषांचे आणि पायघोळ गाऊनमधल्या बायकांचे फोटो. मी फोनवर विचारलं, "पहिल्याच रात्री का नाही नटायचं? एकदाचं होऊन जाईल." धाकटा म्हणाला, "आई, जुनी पद्धत आहे ती. पहिल्या रात्री सामान खोलीत पोचलेलं असेलच असं नाही, म्हणून त्या दिवशी औपचारिक कपडे नसायचे." मला हे कारण फार आवडलं. पटण्यासारखं कारण असलं की मी पद्धत लगेच मान्य करते.

त्यानेच सांगितलं की क्युनार्ड कंपनीच्या मोठ्या जहाजांवर अजून गाला रात्री असतात. कधी काळा-पांढरा, कधी मुखवट्यांचा असा थाट असतो आणि संध्याकाळी सहानंतर त्याप्रमाणे कपडे करावे लागतात. उलट काही कंपन्यांनी ही सक्ती काढूनच टाकली आहे. पण क्युनार्डच्याही नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो, म्हणजे आपली साडी कुठेही कमी पडत नाही. आमच्या जहाजावर तर आमच्यावर कुणाचीच सक्ती नव्हती, हा सगळा घरचाच हट्ट होता. पण घरचा हट्ट जहाजाच्या नियमापेक्षा कडक असतो हे मी वेगळं सांगायला नको.

आमचं हे सगळं चाललेलं बघून मला एकीकडे हसूही येत होतं. आम्ही दिगंबर. दिशा हेच ज्यांचं वस्त्र, अशा मुनींसमोर आम्ही हात जोडतो. आर्यिका माताजींच्या अंगावर सोळा हात पांढरी सुती साडी, बस्स. आणि त्यांच्या भक्तांच्या घरी एका रात्रीच्या जेवणासाठी बारा जणांच्या कपड्यांची चर्चा दीड महिना!

आता खरी अडचण सांगते. मी रेशीम वापरत नाही.

हे काही लहानपणापासूनचं नाही. माझं माहेर लातूरचं. गंजगोलाईपासून जे सोळा रस्ते निघतात त्यातल्या एकावर वडिलांचं कापडाचं छोटं दुकान होतं. इरकली, धारवाडी, नारायणपेठी, धोतरजोड्या, मांजरपाट असा माल. लग्नसराईत थोडं रेशीमही यायचं. माझं बी.कॉम. लातूरलाच झालं, आणि परीक्षा झाली की मी वडिलांच्या गल्ल्याशेजारी बसून उधारीची वही लिहायची. माझ्या लग्नात मला शालू होता, आणि आईने तिची स्वतःची पैठणी मला दिली. डाळिंबी रंग, पदरावर मोर. आई ती १९५६ मध्ये लग्नात नेसली होती.

पुढे नांदेडला एका चातुर्मासात दशलक्षण पर्वात एका आर्यिका माताजींचं उत्तम संयमाच्या दिवशी प्रवचन झालं. त्यांनी रेशमाबद्दल रागावून वगैरे काही सांगितलं नाही. फक्त ते कसं निघतं एवढंच सांगितलं. आळी तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते, साधारण चार आठवड्यांत स्वतःभोवती कोश विणते. आतून पतंग बाहेर पडला तर तो कोश फोडतो आणि सलग धागा तुटतो. म्हणून तो बाहेर पडायच्या आतच वाफ किंवा गरम हवा देऊन त्याला मारतात आणि मग कोश गरम पाण्यात सोडून धागा उकलतात. मी घरी आले आणि सवयीप्रमाणे हिशेब मांडला. एक किलो कच्च्या रेशमाला साधारण सात किलो कोश. एक कोश दोन ग्रॅम धरला तर साडेतीन हजार जीव. साडीत अर्धा किलो रेशीम धरलं तर पावणेदोन हजार. आम्ही पाणी गाळून पिणारी माणसं, आणि पाटावर बसताना अंगावर पावणेदोन हजार.

दुसऱ्या दिवशी मी एका वर्षाचा नियम घेतला. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रत सांगितलं आहे. जे एकदाच वापरून संपतं तो भोग, जसं अन्न. जे पुन्हा पुन्हा वापरता येतं तो उपभोग, जसं वस्त्र. त्यात मर्यादा घालायची, आणि ती ठराविक काळापुरती असेल तर नियम, जन्मभराची असेल तर यम. मला ही सोय फार व्यवहारी वाटते. आज, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, जेवढं झेपेल तेवढ्या मुदतीचं घ्या. मी दर वर्षी मुदत वाढवत गेले आणि साठावं लागलं तेव्हा त्याचा यम केला.

शेजारच्या जोशीकाकूंसारख्या बायकांना हे नवल वाटतं, कारण त्यांच्याकडे सोवळं म्हणजे रेशमीच, मुकटा किंवा कद. आमच्याकडे पूजेला धुतलेलं सुती धोतर आणि दुपट्टा. एकाच गल्लीत दोन घरांत पावित्र्याचं कापड वेगळं.

एक सांगायला हवं. मराठवाड्यात आता कितीतरी शेतकरी तुती लावतात. उसापेक्षा पाणी कमी लागतं आणि वर्षातून कितीतरी वेळा पैसा हातात येतो. जालन्याला कोशांची बाजारपेठच उभी राहिली आहे. दुष्काळात ज्याच्या कर्जाचा हप्ता कोशांवर फिटला, त्याच्यासमोर उभं राहून मी "हे पाप आहे" असं म्हणणार नाही. माझा नियम माझ्या कपाटापुरता आहे.

तर गालाचा विषय निघाला आणि आमची मोठी नात, सतरा वर्षांची, दिवाळीला नांदेडला आलेली असताना माझं कपाट उघडून बसली. आईची पैठणी तिने बाहेर काढली. मी ती विकली नाही, कुणाला दिली नाही. जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवते आणि वर्षातून एकदा घडी बदलते. नात म्हणाली, "आजी, गालाला हीच नेस. यापुढे सगळे गाऊन फिके पडतील."

मी म्हटलं, "माझा रेशमाचा त्याग आहे, माहीत आहे ना तुला?"

"हो, पण नवीन घ्यायचं नाही ना? हे किडे तर सत्तर वर्षांपूर्वीच मेले. तू नेसलीस काय आणि न नेसलीस काय, त्यांना आता काय फरक पडतो?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला तर मुळीच देता येऊ नये असा हा मुद्दा होता. बुडीत खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. त्या साडीवरचा घसारा केव्हाच पूर्ण झाला, वहीत तिची किंमत शून्य. शिवाय वापरात असलेली वस्तू टाकून तिच्याऐवजी नवी घ्यायची हाही परिग्रहच. आणि त्या डाळिंबी रंगावरून हात फिरवताना माझं मन काय म्हणत होतं ते मी इथे लिहीत बसत नाही. आईच्या लग्नातला त्या साडीचा एकच फोटो आहे, तोही काळा-पांढरा. रंग फक्त माझ्या कपाटात आहे.

दोन दिवस मी त्यावर विचार केला. भाजी निवडताना, देवळातून येताना. आपल्याकडे कर्माचे तीन रस्ते सांगितले आहेत. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावणं. पहिले दोन आता संभवत नाहीत, नातीचं तिथपर्यंत बरोबर आहे. तिसऱ्यापाशी मी अडले.

घरात थंडी वाजते म्हणून मी ती पैठणी अंगावर घेतली असती तर तो वेगळा विषय होता. पण नटायच्या रात्री साडी कशासाठी नेसतात? लोकांनी बघावं म्हणून. ती रात्रच बघण्या-दाखवण्याची. आणि पैठणी नेसून बाई चार माणसांत गेली की कुणीतरी जवळ येऊन पदर हातात घेणार आणि विचारणार, "कुठून घेतली हो? केवढ्याला?" दुकानदाराच्या मुलीला हे कुणी शिकवायला नको. वडील लग्नसराईत चांगली साडी नेहमी बाहेर टांगून ठेवायचे, आणि ती एक साडी आत ठेवलेल्या दहा विकायची. त्या रात्री ती टांगलेली साडी मी झाले असते. जुन्या पैठणीने नवा किडा मरत नाही, पण जुनी पैठणी बघून नवी विणायला टाकली जाते.

नातीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू जाहिरात करणार नाहीस." मी म्हटलं, "हो, तसंच समज."

मग तिने विचारलं, "मी नेसू?"

याचं उत्तर आधीच्यापेक्षा अवघड होतं. मी म्हटलं, "साडी तुझ्या पणजीची आहे, तिच्यावर तुझा हक्क आहे. नियम माझा आहे, तो तुला लागू नाही. माहिती तुला सगळी दिली. आता तू ठरव." तिने त्या दिवशी काही ठरवलं नाही, घडी घालून ठेवली. मी मुद्दाम पुन्हा विचारलं नाही.

आता माझ्या साडीचा शोध. तुम्ही कधी 'रेशीम नको' म्हणून साडी घ्यायला गेलात तर कळेल, की हे वाटतं तितकं सोपं नाही. दुकानात सगळ्यालाच सिल्क म्हणतात. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम धागा, त्यात किडा नाही. पण 'कॉटन सिल्क' म्हटलं की कधी त्यात खरं रेशीम असतं, कधी नुसता पॉलिस्टर. महेश्वरी आणि चंदेरी आपण सुती समजून घेतो, पण बहुतेक वेळा त्यांचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर आणि काठ रेशमी असू शकतात. शुद्ध रेशमाला केंद्रीय रेशीम मंडळाची सिल्क मार्कची खूण असते. बायका ती शोधून साडी घेतात, मी ती दिसली की पुढे सरकते. जरीचंही तसंच. जुन्या अस्सल जरीत चांदीची तार बहुधा रेशमाच्या धाग्यावरच गुंडाळलेली असायची. आजची साधी जरी सुती किंवा पॉलिस्टर धाग्यावर असते, म्हणजे आपल्याला स्वस्त जरीच बरी!

वडिलांनी शिकवलेली युक्ती सांगते. साडीच्या कडेचा एक धागा काढायचा, ताण्याचा वेगळा आणि बाण्याचा वेगळा, आणि काडीने जाळायचा. सूत कागदासारखं जळतं, वास कागदाचा आणि राख मऊ. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि जो काळा मणी उरतो तो चिमटीत चुरगळतो. पॉलिस्टर वितळतो आणि कडक गोळी होते. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघतच राहिला, पण मालकाने ओळखलं. म्हणाले, "काकू, तुम्ही कापडवाल्यांच्या घरच्या दिसता."

'अहिंसा सिल्क' घ्या असं लेकीने हैदराबादहून सुचवलं. तिथले कुसुमा राजय्या यांनी ही पद्धत काढली. राष्ट्रपती व्यंकटरामन यांच्या पत्नी जानकीबाईंनी जीव न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का असं विचारलं आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. पतंग बाहेर पडू द्यायचा आणि मग तुटक धागा कापसासारखा कातायचा. चकाकी कमी, किंमत जास्त. माणसाने खूप चांगलं काम केलं आहे. तरी मी घेतली नाही, कारण समोरच्याला ते रेशीमच दिसणार, आणि मी प्रत्येकीला थांबवून इतिहास सांगत बसणार का?

शेवटी लातूरला बहिणीकडे गेले असताना सुती नारायणपेठी मिळाली. हिरवा अंग, मोठा लाल काठ, काठावर देवळाच्या शिखरांची नक्षी. नारायणपेठ आता तेलंगणात. पण निजामाच्या राज्यात लातूर, नांदेड आणि नारायणपेठ एकाच सरकारखाली होती, म्हणून आमच्या आज्यांच्या पेट्यांत या साड्या हमखास असायच्या. दोन हजार चारशे रुपये. बहीण बघून म्हणाली, "अगं, क्रूझवर हे घालायलीस? तिथं बाया काय काय घालून येतेत!" मी म्हटलं, येऊ देत.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. नथ नेली नाही, मोत्यांमुळे. हल्लीचे मोती शिंपल्यातल्या जिवाच्या अंगात मणी रोवून वाढवतात आणि काढताना तो जीव बहुधा जातो. सोन्याची ठुशी घातली. लिपस्टिक सुनेने आणली होती, तिच्या वेष्टनावर सीआय ७५४७० असा आकडा होता. तो कार्माइन, म्हणजे किड्यांपासून केलेला लाल रंग. खाण्याच्या पदार्थात त्यालाच ई १२० म्हणतात. सुनेने मुकाट्याने दुसरी काढली. यांची तर मोठी पंचाईत झाली. धाकट्याने आणलेला टाय रेशमी, पट्टा चामड्याचा, बूटही चामड्याचे. शेवटी पॉलिस्टरचा टाय, कापडी पट्टा आणि काळे कॅनव्हासचे बूट. हे आरशात बघून म्हणाले, "शाळेच्या पी.टी.ला निघाल्यासारखा दिसतो." जावयांनी त्यांचे चामड्याचेच घातले, कुणी काही बोललं नाही.

सुती साडी जहाजावर नेणाऱ्यांसाठी एक सूचना. खोलीत इस्त्री न्यायला जहाजांवर सहसा परवानगी नसते, आगीच्या भीतीने. म्हणून स्टार्च अगदी कमी करा, साडी घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून न्या. मी आदल्या संध्याकाळी ती न्हाणीघरात टांगली आणि गरम पाण्याचा नळ थोडा वेळ सोडला, वाफेने सुरकुत्या बऱ्याच गेल्या. आणि डेकवर जाणार असाल तर पदराला तीन पिना. वारा कुणाचं ऐकत नाही. आत वातानुकूलन इतकं थंड असतं की शाल हवीच. मी सोलापुरी चादर घेतली होती ती नातीने बॅगेतून काढून परत कपाटात ठेवली, हे मला जहाजावर कळलं!

समुद्रावर काय नेसायचं हा प्रश्न आपल्या बायकांना नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. तिथल्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, पण साडी सोडली नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आणि आपले वीरचंद राघवजी गांधी, १८९३ च्या शिकागोच्या धर्मपरिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी. त्यांच्या फोटोत बघा, डोक्यावर काठियावाडी पगडी तशीच. समुद्र ओलांडला म्हणून त्यांना आपल्याच लोकांचे बोल ऐकावे लागले. आज आम्ही बारा जण केक कापायला समुद्रावर जातो.

गालाचा दिवस आला. पण गालाचं जेवण रात्री साडेआठला, आणि आम्हा दोघांचा रात्रिभोजनाचा त्याग. हे नटण्याच्या गडबडीत सगळेच विसरले होते, मी सोडून. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी आमचं उरकलेलं असतं. डिसेंबरात नांदेडला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मुंबई आपल्या पश्चिमेला साडेचार अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे अठरा मिनिटं जास्त मिळाली. सव्वापाचच्या आत उरकेल अशा बेताने आम्ही दोघं जेवायला बसलो. वाढणाऱ्या मुलाने आमच्यासाठी वेगळं, कांदा-लसूण-बटाट्याशिवायचं, गरम आणून दिलं. तो ओडिशाचा होता. त्याने विचारलं, "आंटी, आज आप जल्दी तैयार हो गए?" मी साडी नेसूनच जेवायला गेले होते. म्हटलं, आपला गाला आत्ताच आहे.

जेवून आम्ही वर डेकवर गेलो. सूर्य पाण्यात जाताना बघितला, णमोकार म्हटला, पाण्याचा शेवटचा घोट घेतला. मग साडेआठला सगळ्यांबरोबर टेबलावर जाऊन बसलो, समोर रिकाम्या ताटल्या. न जेवणाऱ्या माणसाने नटून जेवणाच्या टेबलावर बसायचं म्हणजे जरा अवघडच. हात कुठे ठेवायचे कळत नाही. पण त्यामुळे मला सगळ्यांकडे नीट बघता आलं. नाहीतर घरच्या प्रत्येक कार्यक्रमात माझं लक्ष वाढण्यात असतं.

नात सगळ्यांत शेवटी आली. पैठणी नेसून. तिच्या आईने नेसवली होती. निऱ्या थोड्या आखूड झाल्या होत्या, मी हात लावला नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि काही न बोलता बघत राहिली. मी म्हटलं, "तू फार सुंदर दिसतेस." साडीबद्दल मी काही बोलले नाही, आणि ते तिच्या लक्षात आलं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्या आईची हनुवटी तिला आहे, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. यांनी चष्मा काढून पुसला.

माझ्या नारायणपेठीकडे कुणीही बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं. एवढे धागे जाळले, एवढी वाफ दिली! शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून आल्या त्या थेट नातीकडे. पदर हातात घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली. जाणकार दिसत होत्या. "येवल्याची का? कुठल्या दुकानातून? माझ्या मुलीचं लग्न आहे."

नातीने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून ताटलीच्या नक्षीकडे बघत बसले. मग ती म्हणाली, "माझ्या पणजीची आहे. सत्तर वर्षांपूर्वीची. आमच्याकडे आता नवीन घेत नाहीत."

"का हो?"

"आजीला विचारा," असं म्हणून ती जेवायला लागली. त्या बाई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. त्या सांगलीकडच्या, त्याही आपल्यातल्याच निघाल्या. आमच्या दोघींचं बोलणं पुढचा पाऊण तास चाललं. त्या मुलीच्या लग्नात पैठणी घेणारच आहेत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. "विहीणबाईंकडचे काय म्हणतील," हे त्यांचं कारण, आणि ते कारण मला चांगलं ठाऊक आहे, माझा शालूही त्याच कारणाने आला होता. मात्र स्वतःसाठी काय नेसावं याबद्दल त्यांनी बरंच विचारून घेतलं.

घरी आल्यावर नातीने पैठणी माझ्याकडे परत दिली. पदरावर डाळीचा एक थेंब पडला होता. मी तो टाल्कम पावडर लावून काढला, सावलीत वारा दिला आणि मलमलीत गुंडाळून होती तिथे ठेवली. तिला हवी तेव्हा ती मागेल.

परवा लातूरहून बहिणीचा फोन होता. तिच्या दिराच्या मुलाचं लग्न फेब्रुवारीत आहे. "तसली नारायणपेठी मला पण बघ की, पण काठ जांभळा पाहिजे." मी तिला दुकानाचा पत्ता दिला आणि सांगितलं, काडेपेटी घेऊन जा.